जुना रिसीव्हर घेताना आधी त्याची पाठ बघा

लातूर असो की परभणी, जुन्या मालाच्या दुकानात सराउंड साउंडचा रिसीव्हर (आवाज वाढवून चहूबाजूंच्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र) मागितला की आधी वॅट ऐकवले जातात. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, छापलं असेल तर तो आकडा खुशाल सोडून द्या. तो मोजायची सर्वमान्य रीतच नाही. यंत्र फिरवा आणि मागची पट्टी वाचा. तिथे २३० व्होल्ट, ३०० वॅट असं काहीसं असतं. जे ३०० वॅट ओढतं, ते स्पीकरला सतत ५००० देणार कुठून? त्यातही बराच हिस्सा नुसता उष्णतेत जातो. पट्टीवर १२० व्होल्ट दिसले तर तो अमेरिकेतून आलेला माल; ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडला की जळणार.

तसंही घरात फार ताकद लागत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट हवेत. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो आणि आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. जास्तीचे वॅट लागतात ते सिनेमातल्या स्फोटाला, तेही क्षणभर. ५० वॅटऐवजी ७० वॅटचा घेतला तर फरक पडतो दीड डेसिबलचा! त्यासाठी वेगळे पैसे मोजणं मला पटत नाही.

खरा घोळ ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला करतो त्या अडथळ्याचा. तयार होम थिएटरच्या संचातले स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. तेच ८ ओहमसाठी बनवलेल्या रिसीव्हरला जोडले, की तेवढ्याच व्होल्टला प्रवाह दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. आवाज वाढवला की यंत्र तापतं आणि स्वतःहून बंद पडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा तर हे लवकरच होतं. आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही उष्णतेने वाळतात. दर १० अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणून दुकानातच अर्धा तास मोठ्याने वाजवून बघा. आवाज खरखरला किंवा गुणगुण आली तर पुढे चला.

आवाज वाढवणारा भाग सहसा कालबाह्य होत नाही, कालबाह्य होतात ती मागची सॉकेटं. एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) नसलेल्या रिसीव्हरमधून असं कुलूप लावलेलं ४के, म्हणजे जास्त बारकाव्याचं, चित्र पुढे जात नाही. पण तेवढ्यासाठी सौदा सोडायची गरज नाही. सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरला द्या. तिच्यातून डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा (बासच्या स्पीकरचा) आवाज, आरामात येतं. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा भास देणारी डॉल्बीची पद्धत, मात्र येत नाही. त्यासाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून परत रिसीव्हरकडे नेणारी सोय) आणि ॲटमॉस ओळखणारा रिसीव्हर हवा. खाली ढाळजेत बसून पाच स्पीकर ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासेल असं मला वाटत नाही.

उरलेले पैसे सेंटर स्पीकरवर (टीव्हीजवळ मधोमध ठेवायच्या स्पीकरवर) घाला, सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. टाइल्सच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये ते घुमतात. समोर जाड सतरंजी किंवा वाकळ अंथरली की शब्द नीट कळू लागतात. बास मात्र वाकळीला दाद देत नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला सबवूफर कोपऱ्यातून बाहेर ओढूनच आवरावं लागतं.