‘शिरु’ आणि ‘वाकारु’: जपानीत ‘माहीत नाही’ कसे म्हणावे?

जपानी शिकू लागल्यावर ‘शिरु’ आणि ‘वाकारु’ ही दोन क्रियापदे फार लवकर भेटतात आणि इंग्रजीतून लिहिलेले शब्दकोश दोन्हींसमोर ‘नो’ हा एकच अर्थ ठेवून मोकळे होतात. मराठी भाषकाने खरे तर हा इंग्रजीचा वळसा घेऊच नये, कारण माहीत असणे आणि कळणे हा भेद आपल्याकडे आधीपासूनच आहे. तो बराच दूरपर्यंत साथ देतो, शेवटपर्यंत मात्र नाही.

‘शिरु’ म्हणजे एखादी माहिती बाहेरून आपल्यापर्यंत पोहोचणे. ही क्रिया क्षणात पूर्ण होते, म्हणून ‘मला माहीत आहे’ या अर्थी ‘शिरु’चे साधे आदरार्थी रूप ‘शिरिमासु’ चालत नाही. मिळालेली माहिती आता आपल्याजवळ आहे ही स्थिती दाखवणारे ‘शित्ते इमासु’ हे रूप वापरावे लागते. नकारात मात्र नियम मोडतो आणि सरळ ‘शिरिमासेन’ येते. ही विसंगती पाठ करण्यावाचून इलाज नाही.

‘वाकारु’ ज्या कांजीने, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षराने, लिहितात तिचा मूळ अर्थ भाग करणे, वेगळे करणे असा आहे, त्यामुळे या क्रियापदात उलगडा होण्याची छटा आहे. ‘कोताए ओ शित्ते इमासु का’ या प्रश्नात उत्तर आधीपासून ठाऊक आहे का, अशी विचारणा असते, तर ‘कोताए गा वाकारिमासु का’ मध्ये ते सांगता येईल का, असे विचारलेले असते, मग ते विचार करून सापडले तरी चालते. ‘ओ’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतील फरकही मराठी माणसाला जड जाऊ नये: ‘मला जपानी कळते’ या वाक्यात आपणही कळणाऱ्या गोष्टीलाच प्रथमेत ठेवतो, आणि ‘निहोंगो गा वाकारिमासु’ची घडण जवळपास तीच आहे. कळणे आपल्या इच्छेच्या ताब्यात नसते, हेही दोन्ही भाषा मानतात. ‘जाणून घ्यायचे आहे’ यासाठी ‘शिरिताइ’ सर्रास वापरतात, पण ‘वाकारु’पासून ‘कळू शकते’ असे रूप करायला गेल्यास हाती येणारे ‘वाकारेरु’ विभागले जाणे किंवा एकमेकांपासून दूर होणे या अर्थाचे निघते.

मराठी दगा देते ती ‘माहीत नाही’पाशी. ‘उद्या येणार का?’ या प्रश्नाला आपण निःशंकपणे ‘अजून माहीत नाही’ म्हणतो. जपानीत येथे ‘मादा वाकारिमासेन’ हवे, कारण आपला स्वतःचा बेत ही बाहेरून मिळणारी माहिती नव्हे, तो अजून ठरायचा आहे. अशा वेळी ‘शिरिमासेन’ म्हटले तर ‘मला काय विचारता?’ असा तुसडा सूर लागतो. दुसऱ्याविषयीच्या प्रश्नालाही कोरडे ‘शिरिमासेन’ कधी कधी बेफिकिरीचे वाटते आणि ‘वाकारिमासेन’ सौम्य ठरते. मात्र ‘तानाका-सानना (श्री. किंवा श्रीमती तानाकांना) ओळखता का?’ यावर नकार द्यायचा तर ‘शिरिमासेन’च योग्य.

कामाच्या ठिकाणी सूचना मिळाल्यावर ‘समजले’ या अर्थी ‘वाकारिमाशिता’ म्हणावे. तिथे ‘शित्ते इमासु’ म्हणजे ‘ते मला आधीच ठाऊक आहे’, आणि हे वरिष्ठांना सहसा रुचत नाही. समोर ग्राहक असेल तर ही दोन्ही क्रियापदे बाजूला ठेवून ‘काशिकोमारिमाशिता’ म्हणतात.