शब्द ऐकू यावेत म्हणून

आरंभीच्या इटालियन ऑपेरामधल्या गाण्यांची मैफल पहिल्यांदा ऐकताना नवल वाटतं ते मंचावरच्या मोकळेपणाचं. एक गायिका, शेजारी थिऑर्बो हे लांब मानेचं तंतुवाद्य, एक हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य, कित्येकदा एवढंच.

हा साधेपणा हट्टाने आणलेला आहे. फ्लॉरेन्समध्ये काउंट जोव्हान्नी बार्दी यांच्या घरी कवी, गवई आणि विद्वान जमत. चार-पाच गळे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गातात आणि त्यात कविता बुडते, ही त्यांची तक्रार. त्यांच्यातलेच एक विन्चेन्झो गालिलेई, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील. १५८१ साली त्यांनी ग्रंथ लिहून ही बाजू मांडली. मग याकोपो पेरी या गायक-संगीतकाराने बोलणं आणि गाणं यांच्या मधली वाट शोधली. आपल्या संगीत नाटकात संवाद थांबतो आणि पद सुरू होतं. इथे संवादच सुरात चालतो. मारिया दे मेदिचीच्या लग्नानिमित्त १६०० साली पेरीची ‘एउरिदिचे’ ही ऑपेरा झाली. प्रतिस्पर्धी संगीतकार काच्चीनीने आपल्या शिष्यांना त्यातही आपल्याच चाली गायला लावल्या आणि त्याच संहितेचं स्वतःचं संगीत पेरीच्या आधी छापून मोकळा झाला!

या प्रयोगात खरा प्राण ओतला तो क्लाउदियो मोन्तेवेर्दीने. १६०७ साली इटलीतल्याच मान्तुआच्या राजवाड्यात त्याचा ‘ऑर्फेओ’ झाला. मेलेल्या पत्नीला परत आणायला निघालेला ग्रीक पुराणातला गायक ऑर्फेओ मृतांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यापुढे विनवणी गातो, त्या जागी छापील प्रतीत गळ्यासाठी दोन ओळी आहेत: एक साधी, दुसरी ताना-मुरक्यांनी भरलेली. एरवी कागदावर फक्त सुरावट आणि खाली खर्जाची ओळ असते. मधली जागा वादकाने तिथल्या तिथे भरायची.

त्याच वर्षी मोन्तेवेर्दीची पत्नी क्लाउदिया वारली. पुढच्या वर्षीच्या त्याच्या ‘अरियान्ना’ या ऑपेराची नायिका, कातेरीना मार्तिनेल्ली, त्याच्याच घरी राहून शिकलेली. तालमी चालू असताना ती देवीच्या साथीत गेली. वय जेमतेम अठरा. ती भूमिका विर्जिनिया आन्द्रेइनी या नाटकातल्या अभिनेत्रीने पेलली आणि तिच्या विलापाने प्रेक्षकांतल्या स्त्रिया रडल्या, असं तेव्हाच्या वृत्तांतात आहे.

१६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो थिएटर उघडलं. तिकीट काढून कुणीही ऑपेरा पाहू लागलं आणि राजवाड्यांची मक्तेदारी संपली. १६४० साली ‘अरियान्ना’ही व्हेनिसच्याच सान मोइझे थिएटरमध्ये पुन्हा रंगली. आज तिची संहिता आहे, संगीत हरवलं आहे. उरला तो विलाप, कारण मोन्तेवेर्दीने तो वेगळा छापला होता. ‘मला मरू द्या’ या शब्दांवर गळा अर्धाच स्वर वर चढतो आणि तिथून खाली कोसळतो.