नवरा परराज्यात, पोटगी थकलेली: अर्ज कुठे करायचा, वसुली कशी होते

पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ, नागपूर लांब. गोंदियाला बालाघाट जवळ, वरुडला मुलताई. सोयरिकी तशाच जुळतात आणि माणसं कामालाही तशीच जातात, कोणी हैदराबादला सेंट्रिंगवर, कोणी सुरतेला लूमवर. संसार मोडला की बाई लेकरं घेऊन माहेरी येते. तालुक्याच्या कोर्टात मी विधी स्वयंसेवक म्हणून बसते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “केस टाकाले तिकडंच जा लागते का जी?”

नाही. केस आपल्याच तालुक्यात टाकता येते. धावपळ लागते ती नंतर, पैसे काढताना.

पोटगी, म्हणजे आपल्याकडची खावटी, मुख्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मिळते. १ जुलै २०२४ च्या आधी हेच कलम १२५ होतं. वकिलांच्या तोंडात अजून “एकशेपंचवीस”च आहे, त्यामुळे गोंधळून जाऊ नका. जुन्या कलमाखाली मिळालेला आदेशही चालतो. कलम १४५ प्रमाणे नवरा जिथे आहे, नवरा किंवा बायको जिथे राहते, किंवा दोघं शेवटचे जिथे एकत्र नांदले, त्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. ते नसेल तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचं. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे.

हक्क कोणाला? स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या पत्नीला, पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटितेला, अज्ञान मुलांना (लग्नाबाहेरच्या मुलांनाही), अपंगत्वामुळे कमवू न शकणाऱ्या सज्ञान मुलांना आणि आईवडिलांनाही. घटस्फोटित मुस्लिम बाईही या कलमाखाली मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला स्पष्ट केलं. निंदणाला किंवा कापूस वेचायला जाता म्हणून हक्क जात नाही. त्या मजुरीत भागतं का, हे कोर्ट बघतं. मात्र सबळ कारण नसताना नांदायला नकार दिला किंवा दोघं आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असले, तर पत्नीची मागणी अडते. लेकरांची अडत नाही. म्हणून मुलांची मागणी त्याच अर्जात वेगळी लिहून घ्या, वकिलाला हे आठवण करून द्यायला लाजू नका.

अर्जासोबत दोघांनाही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा नियम ज्या निकालाने घातला तो सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा, आणि ते प्रकरण निघालं होतं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून. त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडलेला आहे. नोकरदाराचा नमुना भरून दिलेला दिसला, की मी तो परत पाठवते. जमीन किती, पीक काय, विहीर आहे का, हे त्यात येतच नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. त्यातला “शक्यतो” मोठा आहे.

आता खरी अडचण. मागच्या वर्षी एका बाईच्या केसमध्ये तेलंगणात पाठवलेली नोटीस परत आली. लिफाफ्यावर पोस्टमनचा शेरा तेलुगूत. कोर्टात कोणाला वाचता येईना. शेवटी जिनिंगवर गाडी घेऊन आलेल्या आदिलाबादच्या ड्रायव्हरने वाचून सांगितलं, “खोली सोडून गेला.” तोवर तीन पेश्या गेल्या होत्या. कागद कमी पडले तर नंतर जोडता येतात, पण नवऱ्याचा पत्ता चुकला तर केस जागची हलत नाही. त्याच्या ठेकेदाराचं नाव, साइटचा पत्ता, सोबत गेलेल्या गावच्या पोरांचे नंबर, त्याने कधी फोनवरून पैसे पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट, पगाराची चिठ्ठी, पीएफ क्रमांक, हे सगळं भांडण अंगावर यायच्या आधीच टिपून ठेवा. तो मुद्दाम नोटीस टाळत असेल तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं.

आदेश हाती आला आणि पैसे येत नाहीत, तेव्हा तीन वाटा आहेत. पहिली, जिथे आदेश झाला त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज. दुसरी, कलम १४७: नवरा ज्या गावी आहे तिथला दंडाधिकारीही आपला आदेश अंमलात आणू शकतो, पक्षकार तेच आहेत आणि रक्कम थकली आहे, एवढं त्याला पटवायचं. आदेशाची प्रत कोर्टाने तुम्हाला फुकट द्यायची असते. आपला आदेश मराठीत असतो, म्हणून सुरत किंवा हैदराबादच्या कोर्टात नेताना हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. तिसरी दिवाणी दरखास्त, म्हणजे दिवाणी कायद्याने आदेश अंमलात आणायचा अर्ज. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो, बाकीचा हाती येऊ शकतो. कंपनीत पगारी कामाला असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली मालकाला थेट बायकोला पैसे द्यायला सांगता येतं, आणि त्या कायद्याखालचा आदेश भारतभर लागू असतो.

माझा अनुभव विचाराल तर माणसाच्या मागे हिंडण्याआधी सातबारा बघा. माणूस परराज्यात गेला तरी त्याच्या नावची दोन एकर जमीन गावातच असते. थकलेली पोटगी दंडासारखी वसूल होते, म्हणून जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवून ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला लावता येते. सातबारा ऑनलाइन निघतो. जमीन बापाच्या नावावर असली तर ही वाट तितकी सोपी राहत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुदतीने. प्रत्येक महिन्याची रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज आला तरच वॉरंट निघतं. “तो आज देईल, उद्या देईल” करत दोन वर्षं बसलात, तर पहिल्या वर्षाची रक्कम या वाटेने हातची गेली, मग दिवाणी दरखास्तच उरते. वॉरंटनंतरही पैसे न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे १ महिन्यापर्यंत किंवा भरेपर्यंत कैद होते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय. सासरची माणसं मात्र उलटंच सांगत फिरतात.

वसुलीच्या अर्जाला लागतात: आदेशाची प्रमाणित नक्कल, महिन्यानुसार थकबाकीचा तक्ता, बँक पासबुक, आधार, मुलांचे जन्मदाखले, रक्कम मिळाली नसल्याचं प्रतिज्ञापत्र, नवऱ्याचा नवा पत्ता आणि वकीलपत्र. लग्नाची नोंदणी नसेल तर पत्रिका, फोटो, शिधापत्रिका चालतात. तक्ता स्वतः वहीत लिहा, कोणत्या महिन्याचे किती आले, किती राहिले. अर्धे पैसे मिळाले असतील तर तेही लिहा, लपवलेत तर दुसरा वकील तिथेच धरतो.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतो. परराज्यात केस लावायची असेल तर तिथलं विधी सेवा प्राधिकरणही वकील देतं. जाताना पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स न्या, आणि रक्कम थेट खात्यात जमा करावी असं अर्जात लिहून घ्या. रोख हातात दिली म्हणणारे नवरे मी पेशीला खूप पाहिलेत.