फिटची गोळी आणि आखडलेला खांदा

"काहून वं पोरी, गोळीनं सांधे धरतात का?" मामीने विचारलं. ती ओट्यावर बसली होती आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत होती.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून शेतं पांढरी झालेली, आणि मामी घरात. कापूस वेचायची ओटी कमरेला बांधायला हात मागे जात नव्हता. अंबाडा सून घालून देत होती. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. अक्षय तृतीयेच्या सुमारास तिला पहिली फिट, म्हणजे मिरगीचा झटका, आली, महिन्याभरात दुसरी, आणि तेव्हापासून झोपताना त्यावरची फेनोबार्बिटोनची गोळी सुरू होती. फिट थांबली आणि खांदा धरला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मामीचा प्रश्न घेऊन मी वाचत गेले, डॉक्टरांशी बोलले. तिचा संशय खरा होता. फिटच्या काही गोळ्यांनी सांधे आणि हाडं दुखतात, आणि हे वैद्यकशास्त्राला फार जुनं माहीत आहे. फेनोबार्बिटोनने फिट आटोक्यात येते हे 1912 साली जर्मनीत लक्षात आलं. 1925 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलं की हे औषध घेणाऱ्या काहींचे खांदे आखडतात, हात सुजून दुखतात, बोटं वाकडी होतात. गार्डेनल या नावाने ते विकलं जायचं, म्हणून तिथे या दुखण्याला 'गार्डेनलचा संधिवात' असंच नाव पडलं. शंभर वर्षं झाली. तरी आपल्याकडे गोळी हातात देताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मला याचं वाईट वाटतं. आधी कळलं असतं, तर मामीने चार महिने बाम चोळण्यात घालवले नसते.

या दुखण्यात खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी जाड आणि घट्ट होत जाते. पेशी तिथे चिवट तंतू जास्त साठवू लागतात, जखम भरल्यावर वण राहतो तसे. पिशवी आवळली की हात वर जात नाही, मागे तर मुळीच जात नाही. असेच तंतू तळहातात साठले की कातडीखाली गाठ लागते आणि करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट आत ओढलं जातं. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ही सुरुवात होते. मामीचं तंतोतंत असंच झालं होतं.

दुसरी वाट हाडांतून जाते, आणि ती जास्त फसवी आहे. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फिटची औषधं यकृताला जास्त कामाला लावतात. यकृतात औषधं आणि नको असलेले पदार्थ मोडून टाकणारी विकरं असतात. या गोळ्यांमुळे ती वाढतात आणि शरीरातलं ड जीवनसत्त्वही भराभर निकामी करू लागतात. ड नसेल तर जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट येत नाही. मग हाडं मऊ आणि ठिसूळ होतात. हे वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत दिसतं. माणूस म्हणतो सांधे दुखतात, पण दाबून बघितलं तर नडगी, बरगड्या, कंबर दुखते. उकिडवं बसल्यावर जमिनीवर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणखी एक औषध यकृताला असं कामाला लावत नाही, तरी दीर्घकाळ घेतल्यास त्यानेही हाडं विरळ होऊ शकतात.

इथे कुणीही म्हणेल, विदर्भात उन्हाला काय तोटा? चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. पण कातडीत ड तयार व्हायचं तर ऊन कातडीला लागलं पाहिजे. शेतात जाणारी बाई बघा: लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला घट्ट गुंडाळलेला रुमाल. ऊन लागतं ते डोळ्यांभोवतीच्या चार बोटं कातडीला. त्यात फिट येणाऱ्या माणसाला घरचे जपतात. उन्हात जाऊ नको, विहिरीवर जाऊ नको, एकटी शेतात जाऊ नको. विहिरीचं सांगणं योग्यच आहे. पण अंगणात खाट टाकून, सोबतीला कुणी असताना, सकाळी दहानंतर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसायला काय हरकत? कडक उन्हाळ्यात मात्र अगदी थोडाच वेळ, सावली जवळ ठेवून.

सगळा दोष गोळीवर टाकण्याआधी आपल्या भागाची बाकीची दुखणीही बघावी लागतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत आहे आणि त्यात हाडं-सांधे असह्य ठणकतात. रक्ताच्या साध्या चाचणीने त्याचा संशय कळतो, पुढच्या चाचणीने खात्री होते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्याने पाठ, मान, सांधे ताठरतात. चिकुनगुनियाचं दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं. आणि फिटनंतर लगेच एक खांदा दुखू लागला, हात बाहेरच्या बाजूला फिरेनासा झाला, तर झटक्यात खांद्याचं हाड मागच्या बाजूला निखळलेलं असू शकतं. समोरून काढलेल्या एका एक्स-रेत ते सहज नजरेतून सुटतं. बाजूनेही काढायला सांगावं.

एका गोष्टीत वाट बघायची नाही. नवी गोळी सुरू झाल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आत सांधेदुखीसोबत ताप, अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. ही औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन असू शकते आणि जिवावर बेतते.

मामीने काय केलं ते सांगते, कारण गावोगाव हेच होतं. कुणीतरी म्हणालं, गोळी गरम पडते, सोडून दे. तिने सोडली. पाचव्या दिवशी चुलीसमोर भाकरी थापताना फिट आली. सून शेजारीच होती, तिने मागे ओढलं, तरी मनगटाजवळ भाजलंच. फेनोबार्बिटोन एकदम बंद केलं की मेंदूवरचा लगाम अचानक सुटतो. झटके एकामागून एक येत राहिले तर माणूस दगावतो. गोळी बदलायची तर डॉक्टर नवी हळूहळू चढवतात आणि जुनी त्याहून सावकाश उतरवतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

दुखण्यावर काय घ्यायचं यातही धोका आहे. ट्रामाडॉल नावाचं वेदनाशामक फिटची शक्यता वाढवतं. चिठ्ठीवर ते दिसलं तर "मला फिट येते" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाजारात बिननावाच्या पुडीत मिळणाऱ्या सांधेदुखीच्या औषधात कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत हलकं वाटतं, आणि आधीच कमजोर झालेली हाडं आणखी पोखरली जातात. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत बहुतेकांना चालतं, पण यकृताचा त्रास असेल तर तेही विचारून.

मामीला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून. रक्तात कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं मऊ झाली की वाढणारं विकर) आणि ड जीवनसत्त्व तपासलं. ड खूपच कमी निघालं. ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी दिली, किती आठवडे तेही लिहून दिलं. ही पुडी मनाने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. फेनोबार्बिटोनऐवजी लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध सुरू झालं. ते यकृताला तसं कामाला लावत नाही. कुणी फेनिटॉइन घेत असेल तर कॅल्शियमची गोळी त्यासोबत गिळू नये, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर फिटचं औषध नीट शोषलं जात नाही. जेवणात दूध, तीळ आणि शेवग्याचा, म्हणजे आमच्याकडच्या मुनग्याचा, पाला वाढवला.

खांद्यासाठी फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंत दाखवली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची, सहन होईल तिथपर्यंत. आधी कोमट पाण्याच्या फडक्याने शेक. मामीच्या नातवाने जिथे बोट थांबेल तिथे गेरूची रेघ मारायला सुरुवात केली. पहिली रेघ मामीच्या हनुवटीच्या उंचीची होती. पंधरा दिवस ती तिथेच राहिली, आणि मामी चिडून म्हणाली, "भिताड खराब करून राहिला उगाच." महिन्याने रेघ नाकापर्यंत आली, चौथ्या महिन्यात डोक्याच्या वर. अंबाडा आता ती स्वतः घालते.

तळहातातली गाठ मात्र तशीच आहे. करंगळीशेजारचं बोट पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे बोंडातून कापूस ओढायला तिला डाव्या हातावर भर द्यावा लागतो. पुढच्या तपासणीत ते बोट दाखवायचं, असं तिने पाकिटावर लिहून घेतलंय.