कला-वाणिज्य शाखेतून पीएच.डी. करताय? जेआरएफचा अर्ज, दाखले आणि मिळणारा पैसा

भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१). चीन २.४ टक्के, ब्राझील एक टक्क्याच्या वर. आपल्याकडच्या सरकारी पैशातला मोठा वाटा संरक्षण, अवकाश, अणुऊर्जा आणि शेतीच्या संस्थांकडे जातो. आयआयटीतल्या पंतप्रधान रिसर्च फेलोला महिना ७० हजारांपासून सुरुवात, तर समाजशास्त्रवाल्याला आयसीएसएसआरची (केंद्राची समाजविज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप २० हजारांची.

म्हणून ठाणे-नवी मुंबईत मराठी, इतिहास किंवा कॉमर्स घेऊन पीएच.डी. करणाऱ्याने आधी यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफच (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) धरावी, असं माझं मत. इथे विषय बघून रक्कम ठरत नाही: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. भेद उरतो तो फक्त कंटिन्जन्सीत, म्हणजे पुस्तकं, प्रवास, झेरॉक्सच्या खर्चात. पहिली दोन वर्षं कला शाखेला वर्षाला १०,०००, विज्ञानाला १२,०००. वसतिगृह मिळालं नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा.

पात्रता सोपी आहे. पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०. जेआरएफसाठी वय तिशीच्या आत, महिला आणि राखीव प्रवर्गाला पाच वर्षं सवलत. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए. नसलं तरी चालतं. परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सत्रात. अर्ज ऑनलाइनच.

घोळ होतो तो दाखल्यांत. नेटसाठी ओबीसीचा नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतूत नुसतं 'नॉन-क्रीमी लेयर' म्हणालात तर राज्याचा हातात पडू शकतो, म्हणून 'सेंट्रलचा' असं स्पष्ट सांगा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) दाखला इथे चालत नाही. आणि पत्ता बघून कचेरी गाठा: ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे तालुक्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. सगळेच 'नवी मुंबई' म्हणतात, तहसील मात्र वेगळी. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, तेही आत्ताच बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची इथेच अडचण होते.

जेआरएफ नाही लागली, तर राज्य सरकारच्या संस्था बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) यांच्या जाहिराती बघा. तिथे पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली लागते, सोबत डोमिसाईल आणि जातीचे कागद. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत.

जेआरएफ लागली, तर तिचं पत्र तीन वर्षं चालतं, तेवढ्यात पीएच.डी.ला प्रवेश हवा. मग जॉइनिंग रिपोर्ट, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि खरी गाठ पडते ती 'मेकर-चेकर'शी. संस्थेतला एक कर्मचारी पोर्टलवर दर महिन्याची नोंद भरतो, दुसरा ती मंजूर करतो. दोघांपैकी एक रजेवर गेला तर त्या महिन्याचा पैसा अडकतो. हे दोघे कोण, ते रुजू होतानाच विचारून ठेवा.