मद्यासक्ती आणि मेंदूतील प्रथिने

दारूतील एथिल अल्कोहोल मेंदूतील काही प्रथिनांचे काम तात्पुरते बदलते. पिणे वर्षानुवर्षे चालू राहिले, तर त्या प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांची घडणही बदलते. सवयीचे व्यसन होण्यात या दुसऱ्या प्रकारच्या बदलांचा मोठा वाटा असतो. दारू ‘चढते’, सवयीने ‘पचू’ लागते, मिळाली नाही की हात थरथरतात आणि सोडून वर्ष उलटले तरी तलफ येते. बोलण्यातल्या या चारही अवस्थांच्या मुळाशी वेगवेगळी प्रथिने आहेत.

दारू चेतापेशींच्या स्निग्ध पटलात विरघळते आणि ते सैल करते, म्हणून नशा येते, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जाई. १९८४ मध्ये लंडनच्या निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी दारूसारखीच मेंदू मंद करणारी भुलीची द्रव्ये काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रथिनावर तपासली. काजवा उजळतो तो याच प्रथिनामुळे. तिथे स्निग्ध पटल नव्हते, तरीही प्रकाश मंदावला. तेव्हापासून संशोधकांचे लक्ष प्रथिनांकडे वळले. मात्र मॉर्फीनचे काही मिलिग्रॅम पुरतात, तिथे दारूचे कित्येक ग्रॅम लागतात. तिचा रेणू लहान असतो आणि कोणत्याच प्रथिनाला घट्ट धरून बसत नाही. तो अनेकांच्या कामात थोडी थोडी ढवळाढवळ करतो. त्यामुळे ‘दारूचे प्रथिन’ म्हणून एकाच प्रथिनाकडे बोट दाखवता येत नाही.

त्यातही दोन ग्राही प्रथिने, म्हणजे रासायनिक संदेश टिपणारी पेशीवरील प्रथिने, सर्वांत महत्त्वाची आहेत. गाबा-ए ग्राही पाच तुकड्यांचे असून त्याच्या मधोमध छिद्र असते. गाबा हे रसायन त्याला चिकटले, की क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते. दारू हा परिणाम वाढवते. दुसरे एनएमडीए ग्राही. ते ग्लुटामेट या रसायनाला प्रतिसाद देऊन पेशीला उत्तेजित करते आणि स्मृती घडवण्यात त्याचा वाटा असतो. दारू त्याला दाबते, हे १९८९ मध्ये डेव्हिड लोव्हिंगर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या चेतापेशींवर दाखवले. ‘काल रात्रीचे काहीच आठवत नाही’ या तक्रारीचे एक कारण इथे सापडते. घोड्याची उपमा द्यायची तर गाबा हा लगाम आणि ग्लुटामेट ही टाच.

रोजच लगाम खेचलेला राहिला, की मेंदू जुळवून घेतो. गाबा-ए ग्राहीच्या तुकड्यांची जुळणी बदलून ते कमी संवेदनशील होते आणि एनएमडीए ग्राहींची संख्या वाढते. तेवढ्याच पेल्यांनी आता चढत नाही. ‘गडी पचवतो’ असे कौतुकाने म्हटले जाते, पण पचवणे ही बहुधा धोक्याची खूण असते. काहींना तर पहिल्यापासूनच कमी चढते. सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी मद्यासक्त वडिलांच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. विशीच्या सुमारास ज्यांना दारू कमी चढत असे, त्यांच्यात पुढे व्यसनाचे प्रमाण जास्त आढळले (१९९४).

अशा माणसाची दारू एकदम बंद झाली, की ढिला लगाम आणि जोरदार टाच एवढेच उरते. घाम, थरथर, झोप उडणे, कधी आकडी. साधारण ४८ ते ७२ तासांनी काहींना भास होतात, शुद्ध हरपते आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून खूप वर्षे पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एका दिवसात दारू तोडणे धोक्याचे असते. या काळात दिली जाणारी डायझेपामसारखी औषधे त्याच गाबा-ए ग्राहीवर काम करतात.

पोटॅशियमचे आयन बाहेर सोडणारी ‘बीके’ वाहिनीही दारूला प्रतिसाद देते. स्लो-१ हे जनुक निकामी झाले, की ही वाहिनी नसते. असे सूक्ष्म कृमी दारूने फारसे झिंगत नाहीत, असे २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले. त्यांची प्रयोगशाळा अर्नेस्ट गॅलो या वाइन-उत्पादकाच्या नावाने चालणाऱ्या केंद्रात होती!

पिण्यातला आनंद वेगळ्या वाटेने येतो. दारूमुळे मेंदूत एंडॉर्फिने ही शरीराचीच अफूसारखी द्रव्ये स्रवतात, ती म्यू-ओपिऑइड ग्राहीला चिकटतात आणि पुढे आनंदाशी जोडलेले डोपामिन हे रसायन वाढते. हे ग्राही नसलेले उंदीर दारूकडे वळत नाहीत. नाल्ट्रेक्सोन हे औषध नेमके हेच ग्राही अडवते. मद्यासक्तीसाठी अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. ते घेऊन प्यायले तर त्रास होत नाही, फक्त मजा कमी होते. डायसल्फिरामचे तसे नाही. ते यकृतातील अॅल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे दारूच्या विघटनातले विकर अडवून प्यायल्यावर मळमळ आणते.

तलफ दीर्घकाळ टिकते त्यात जनुकांची कामे चालू-बंद करणारे क्रेब आणि पेशींची वाढ सांभाळणारे बीडीएनएफ या प्रथिनांचा हात असावा, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. चिंता शमवणारे न्यूरोपेप्टाइड वाय नसलेले उंदीर जास्त दारू पितात, हे १९९८ मध्ये दिसले.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार मद्यासक्तीच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा आहे. मात्र सर्वांत ठळक पुरावा मिळालेली जनुके मेंदूची नाहीत. ती दारूचे विघटन करणाऱ्या विकरांची आहेत. पूर्व आशियात अनेकांच्या अंगी अॅल्डिहाइड डिहायड्रोजिनेजचे दुबळे रूप असते. एका पेल्यानेच त्यांचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडू लागते, आणि त्यामुळे त्यांच्यात व्यसन कमी आढळते.