संबंधांनंतरची उन्हाळी आणि एक लाखाचा आकडा

‘उन्हाळी लागली’, म्हणजे लघवीला जळजळ सुरू झाली, म्हटलं की दोष उन्हावर जातो. मग फोंडा-डिचोलीकडे धणे-जिरे भिजत पडतात, कुणी आडसर, म्हणजे शहाळं, आणून देतं. आयुर्वेदातही मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे त्रासाने होणाऱ्या लघवीचे, आठ प्रकार आहेत, गोखरू तिथलंच. पण ऐन आषाढात, बोटीवर नोकरी करणारा तारवटी नवरा सुट्टीवर घरी आल्यावर दोन दिवसांत जळजळ सुरू होते, आणि दर सुट्टीला होते, तेव्हा उन्हाचा काय संबंध? संबंधांनंतर होणाऱ्या मूत्राशयाच्या या दाहाला डॉक्टरी बोलीत ‘हनिमून सिस्टायटिस’ असं नाव पडलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते ऐकवायचं म्हणजे थट्टाच. जंतू बहुधा तिच्याच आतड्यातला ई. कोलाय, 1885 मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेत ओळखलेला. नवऱ्याने बाहेरून आणलेला हा गुप्तरोग नव्हे. तरी संशय आधी तिकडेच जातो.

मोठा घोळ घातला तो एका आकड्याने. 1950च्या दशकाच्या मध्यात ठरलं, की लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू असतील तरच संसर्ग धरायचा, त्याखाली बाहेरची भेसळ. त्या कामाचा रोख मुख्यतः काहीच त्रास नसलेल्या स्त्रिया आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेले रुग्ण यांच्यावर होता. तिथे आकडा चपखल होता. पुढे तो सगळ्यांनाच लागू झाला. पहाटे पाच वेळा उठून थेंब थेंब लघवी करणारी बाई रिपोर्ट उघडते, तर शेरा असतो ‘नो सिग्निफिकंट ग्रोथ’. म्हणजे काही नाही, मनाचं आहे, नवऱ्याला टाळण्याचं निमित्त आहे. 1982 मध्ये जळजळ असलेल्या स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट नमुने घेतले गेले. मूत्राशयात आतड्यातले जंतू असलेल्यांपैकी जेमतेम 51 टक्केच एक लाखाच्या निकषात बसत होत्या. त्रास असेल तर शंभर जंतूही पुरावा मानावा, असा निष्कर्ष निघाला. त्याला चाळीस वर्षं उलटली, शेरा मात्र आजही तोच छापून येतो. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त घरं या शेऱ्याने बिघडवली, जंतूंनी नव्हे.

कारण निदानच नाही, तर प्रतिबंध कशाचा करायचा? सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर ‘वारंवार’ म्हणायचं. पण आधी ते मोजलं जायला हवं. दरम्यान, फार्मसीत नुसतं नाव सांगून नॉरफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या नेण्याची सवय लागली. दोन दिवसांत आराम, महिन्याने पुन्हा तेच, आणि जंतू औषधाला सरावत गेले. त्यामुळे 1953चं जुनं प्रतिजैविक नायट्रोफ्युरँटॉइन आज पुन्हा पहिल्या रांगेत आलं आहे.

संबंधांनंतर प्रतिजैविकाची एकच गोळी घेण्याची चाचणी 1990ची. स्त्रिया फक्त 27, पण डोळ्यांत भरणारा फरक: गोळी न मिळालेल्यांना वर्षाला सरासरी 3.6 वेळा संसर्ग, मिळालेल्यांना 0.3. तारवट्याच्या घराला ही रीत सोयीची, कारण नवरा बोटीवर असताना महिनोन् महिने रोज प्रतिजैविक खायची गरज उरत नाही. तरी पाळी गेलेल्यांसाठीचं योनीत लावायचं इस्ट्रिऑल या स्त्री-संप्रेरकाचं मलम (1993) आणि ही गोळी, दोन्ही सांगायला डॉक्टरही संकोचतात. ती सांगायची तर आधी ‘कधी होतं’ हे विचारावं लागतं. 1996 मध्ये निरोधवर लावलेल्या शुक्राणुनाशकाचाही दोष दिसला, तेव्हा निरोधच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. संबंधांनंतर लघवीला जाण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. पुरावा तोकडा, पण नुकसान काही नाही.

गेल्या काही वर्षांत बातम्यांची दाटी झाली. 2022 मध्ये मेथेनामाइन हे जुनं जंतुरोधक रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीला टिकलं. क्रॅनबेरी या आंबट फळाला 2012 मध्ये नापास केलेल्या संशोधनांच्या आढाव्याने 2023 मध्ये पास केलं. डी-मॅनोज या साखरेची पावडर 2024च्या चाचणीत निरुपयोगी ठरली, जाहिराती चालूच आहेत. आणि 2018चं साधं पाणी: कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त प्यायल्यावर वर्षातले झटके 3.2 ऐवजी 1.7. बाजारात दिवसभर बसायचं, लघवीला जायला जागा नाही, म्हणून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मासळीवालीला ही चाचणी सांगून बघा.